समासातल्या खुणा

ग्रीक भाषेतलं आज वाचता येणारं सगळ्यात जुनं लिखाण म्हणजे हिशेब. क्रीट बेटावरच्या क्नोसोसच्या राजवाड्यात इसवी सनापूर्वी १४०० च्या आसपास कारकुनांनी ओल्या मातीच्या पाट्यांवर ते कोरून ठेवले. अमक्या गावी मेंढ्या इतक्या, तमक्या बाईकडे लोकर इतकी, देवाला मध इतका. काही पाट्यांवर बैलजोड्यांची नोंद आहे आणि तिथे कारकुनाने बैलांची नावंही लिहिली आहेत. एक केलाइनोस, म्हणजे काळ्या. एक क्सूथोस, तांबूस-पिवळ्या अंगाचा. एक आयवोलोस, चपळ. एक पोदार्गोस, चमकत्या पायांचा. ढवळ्या-पवळ्याच्या मुलखात वाढलेल्या माणसाला ही पाटी समजावून द्यावी लागत नाही. राजवाड्याला नुसता आकडा पुरला असता. पण बैल दावणीतून सोडताना माणूस त्याला ज्या नावाने हाक मारतो, ते नाव हिशेबात आल्यावाचून राहिलं नाही. पुढे सहा-सातशे वर्षांनी होमरच्या 'इलियड'मध्ये हेक्टर आपल्या रथाच्या घोड्यांशी बोलतो, त्यातल्या एकाचं नाव पोदार्गोस आहे.

या पाट्या टिकाव्यात असं कुणाच्याही मनात नव्हतं. वर्षाचा हिशेब झाला की माती भिजवून पुन्हा वापरायची, असा तो व्यवहार. राजवाडे जळाले आणि त्या आगीत पाट्या भाजून पक्क्या झाल्या, म्हणून त्या आपल्यापर्यंत आल्या. ज्या आगीने ती संस्कृती संपवली, तिनेच तिचं दप्तर राखलं. त्यानंतर ग्रीसमध्ये जवळपास चारशे वर्षं कुणी लिहिल्याचा पुरावा नाही. लिपी विसरली गेली, भाषा मात्र तोंडोतोंडी चालू राहिली.

पाट्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उकरून निघाल्या, पण पन्नास वर्षं त्या कुणाला वाचता आल्या नाहीत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन कॉलेजात शिकवणाऱ्या ॲलिस कोबर यांनी एकेका चिन्हाची टाचणं करायला घेतली. युद्धकाळात कागद मिळेना, तेव्हा शुभेच्छापत्रांच्या पाठी, पत्रकांचे कोरे तुकडे, जे हाती लागेल ते कापून त्यांनी लाखाहून अधिक कार्डं तयार केली आणि सिगारेटच्या खोक्यांत लावून ठेवली. या भाषेत शब्दांचे शेवट बदलतात, म्हणजे तिला विभक्ती आहेत, हे त्यांनी दाखवून दिलं. १९५० साली त्या गेल्या. दोन वर्षांनी मायकेल व्हेंट्रिस या तरुण वास्तुविशारदाने त्याच वाटेने पुढे जाऊन कुलूप उघडलं आणि आत ग्रीक निघालं. स्वतः व्हेंट्रिसलाही ते अनपेक्षित होतं. ही भाषा एट्रुस्कनच्या कुळातली असेल असं तो तोवर धरून चालला होता. उलगड्याचं श्रेय त्याचं आहेच, पण माझा जीव कोबर यांच्या खोक्यांत जास्त अडकतो. पुढच्याला उपयोग व्हावा म्हणून इतकं नेटकं काम करून ठेवणारी माणसं नसती तर ग्रीक भाषेचा इतिहास किती तुटक झाला असता, हे मला शिकता शिकता उमगत गेलं.

शाळेच्या पुस्तकातला ग्रीस अलेक्झांडर बियासच्या काठावरून मागे फिरला की संपतो. त्याआधी सॉक्रेटिस विष पितो, मॅरेथॉनची लढाई होते, पार्थेनॉन उभं राहतं. त्यानंतर एकदम ऑलिंपिकची ज्योत. मधल्या दोन हजारांहून जास्त वर्षांत ग्रीक माणसं काय करत होती, हा प्रश्न कुणी विचारत नाही. मीही विचारला नव्हता. अथेन्सची ओढ होती म्हणून भाषा शिकायला घेतली आणि भाषेनेच मला अथेन्सच्या वेशीबाहेर नेलं.

ज्यांनी शाळेत संस्कृत घोकलं आहे त्यांना ही भाषा फार लवकर आपलंसं करते. द्विवचन आहे. आत्मनेपदासारखं क्रियापदाचं एक अंग आहे. भूतकाळात धातूच्या आधी आगम लागतो, संस्कृतात 'अ' तसा इथे 'ए': अभरम्, एफेरोन. थीटा, फी, खी ही अक्षरं प्राचीन अथेन्सात थ, फ, ख अशीच महाप्राण उच्चारली जात, आणि ती इंग्रजांच्या पुस्तकांत पानभर समजावून सांगितलेली असतात. मराठी जिभेला ती पहिल्याच दिवशी जमतात. सगळ्यात नवल स्वरांचं. 'पाय' या अर्थाच्या शब्दाची रूपं चालवताना वैदिक भाषेत उदात्त ज्या ठिकाणी सरकतो, त्याच ठिकाणी तो ग्रीकमध्येही सरकतो. दोन समाज हजारो वर्षांपूर्वी वेगळे झाले, एकमेकांना विसरले, पण आवाजाचा तो चढ दोघांनीही जपला. हे पहिल्यांदा ध्यानात आलं त्या संध्याकाळी मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले.

अथेन्सबद्दल मी इथे फार लिहिणार नाही. तिथल्या भरभराटीच्या शंभर वर्षांवर ग्रंथालयं भरली आहेत आणि ते योग्यच आहे. इतिहासकार थ्युसिडिडीसने साथीच्या रोगाचं केलेलं वर्णन मूळ भाषेत वाचताना छाती दडपते. तो स्वतः त्या दुखण्यातून उठला होता आणि पुन्हा कधी हा रोग आला तर लोकांना ओळखता यावा म्हणून लक्षणं लिहून ठेवतो. पण ते पुस्तक माझ्या हातात कुणी दिलं, हा विचार सुटत नाही. सोफोक्लीसने शंभराहून अधिक नाटकं लिहिली, आज सात पूर्ण आहेत. कवयित्री सॅफोच्या कवितांची अलेक्झांड्रियात नऊ पुस्तकं होती; पुरती अशी जेमतेम एक कविता उरली. जे उरलं ते दर दोन-तीनशे वर्षांनी कुणीतरी बसून उतरवून काढलं म्हणून उरलं. कागद कुजतो, कातडं कसर खाते. एका पिढीने हात आखडला की संपलं.

अलेक्झांडरनंतर ग्रीक ही नुसती ग्रीकांची राहिली नाही. इजिप्त, सिरिया, अफगाणिस्तानापर्यंत ती बाजाराची आणि दरबाराची भाषा झाली. अशोकाने कंदाहारला आपला धर्मलेख ग्रीकमध्ये कोरवला. आपल्याकडे नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली नहपान क्षत्रपाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, त्या नाण्यांवर राजाच्या चेहऱ्याभोवती ग्रीक अक्षरं आहेत. भाषा प्राकृत, लिपी ग्रीक. अनेक नाण्यांवर ती अक्षरं वेडीवाकडी झाली आहेत. ठसा कोरणाऱ्याला ती वाचता येत नसावीत, पण नाणं तसंच असायला हवं एवढं त्याला ठाऊक होतं. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने त्यांतल्या बहुतेक नाण्यांवर आपला ठसा मारला. ग्रीक अक्षरांचा आपल्या मातीतला हा माग मला फार मोलाचा वाटतो, कारण एखादी लिपी तिच्या माणसांपासून किती दूरवर जाऊ शकते हे तो दाखवतो.

भाषा इतकी पसरली की ती नव्याने शिकणारे आले, आणि शिकणाऱ्यांना उच्चार कळेनासे झाले. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात इसवी सनापूर्वी २०० च्या सुमारास ॲरिस्टोफेनीस नावाचा पंडित होता, नाटककार नव्हे, बायझँटियमचा. अक्षरांवर स्वरांच्या खुणा द्यायची पद्धत त्याने घातली असं परंपरा सांगते. बोलण्यातला चढ-उतार हरवत चालला आहे हे ओळखून त्याने तो कागदावर बांधून ठेवला. खरोखरच तो काही शतकांत हरवला. इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकस गावाच्या उकिरड्यांतून पपायरसचे ढीग निघाले, त्यांत थेऑन नावाच्या एका लहान मुलाचं बापाला लिहिलेलं पत्र आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातलं. बाप त्याला मागे ठेवून अलेक्झांड्रियाला गेला म्हणून पोरगं फुरंगटलं आहे. मी तुला पत्र लिहिणार नाही, तुझा हात धरणार नाही, जेवणार नाही, पाणी पिणार नाही, अशा धमक्या त्यात आहेत. शुद्धलेखन अगदी कानाला ऐकू येईल तसं. जुन्या काळी वेगवेगळे असलेले स्वर त्याला सारखेच ऐकू येतात आणि तो एकाच्या जागी दुसरा लिहून मोकळा होतो. भाषा बदलत होती हे पंडितांनी लिहिलेल्या पुस्तकांतून समजत नाही, कारण ते जपून जुन्या वळणाने लिहीत. ते या मुलाच्या पत्रातून समजतं.

अलेक्झांड्रियाच्या त्याच ग्रंथालयात पुढे ॲरिस्टार्कस नावाचा संपादक होऊन गेला. होमरच्या गावोगावच्या प्रती समोर ठेवून तो ओळ न् ओळ तपासत असे. एखादी ओळ मागाहून घुसवलेली वाटली की तिच्या डावीकडे, समासात, एक आडवी रेघ ओढायची. तिला ओबेलोस म्हणतात. अर्थ असा: ही मूळची नसावी असं मला वाटतं. ओळ मात्र सहसा जागच्या जागी राहू द्यायची. आपल्याला खात्री असतानाही पुढच्या वाचकाला स्वतः ठरवता यावं, एवढी जागा त्याने ठेवली. माझ्या मते ग्रीकांनी जगाला दिलेल्या गोष्टींत ही रेघ लोकशाहीच्या शेजारी ठेवावी अशी आहे.

ॲरिस्टार्कसचं स्वतःचं एकही पुस्तक आज पूर्ण उरलेलं नाही. मग हे समजलं कसं? व्हेनिसच्या मार्चियाना ग्रंथालयात दहाव्या शतकातलं 'इलियड'चं एक हस्तलिखित आहे, अभ्यासक त्याला व्हेनेटस ए म्हणतात. त्याच्या पानांची छायाचित्रं आता कुणालाही पाहता येतात. पानाच्या मधोमध वीस-पंचवीस ओळींचं काव्य, बऱ्यापैकी मोठ्या अक्षरात. त्याच्या तिन्ही बाजूंना, वर, खाली आणि बाहेरच्या समासात, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांची दाटी: टीपा, पाठभेद, कुणी काय म्हटलं, कुणी का नाकारलं. ओळींच्या मधल्या पोकळीतही बारीक लिखाण. आणि काव्याच्या डाव्या कडेला, अधूनमधून, ती आडवी रेघ. ॲरिस्टार्कसने ओढली त्यानंतर हजार वर्षांनी कॉन्स्टँटिनोपलच्या लेखनिकाने ती तशीच ओढली आहे. मधल्या हजार वर्षांत राज्यं गेली, धर्म बदलला, झ्यूसची देवळं बंद पडली. ज्याने हे पान लिहिलं तो ख्रिस्ती होता, होमरचे देव त्याच्या लेखी खोटे होते. तरी त्याने रेघ गाळली नाही.

कॉन्स्टँटिनोपलच्या या ग्रीक लोकांना बायझन्टाइन म्हणतात, आणि बायझन्टाइन म्हटलं की इंग्रजी पुस्तकांत अजून कारस्थानं आणि कर्मकांड एवढंच डोळ्यांसमोर येतं. हा त्या लोकांवर मोठा अन्याय आहे. नवव्या शतकात त्यांनी जुन्या ठळक सुट्या अक्षरांतले ग्रंथ अक्षरं जोडून लिहिण्याच्या नव्या वळणात उतरवायला घेतले, आणि त्या पिढीत जे उतरवलं गेलं नाही त्यातलं बहुतेक कायमचं गेलं. फोटिओस या धर्मगुरूने आपण वाचलेल्या दोनशे ऐंशीच्या आसपास ग्रंथांबद्दल लिहून ठेवलं आहे. त्यांतल्या निम्म्या ग्रंथांची आज तेवढीच ओळख उरली आहे. १२०४ साली चौथ्या क्रुसेडच्या ख्रिस्ती फौजांनीच कॉन्स्टँटिनोपल लुटलं आणि जाळलं, तेव्हा किती पुस्तकं गेली त्याची मोजदाद नाही.

१४५३ साली शहर तुर्कांच्या हाती पडलं. काळ्या समुद्राकाठच्या त्रेबिझोंद गावी जन्मलेले बेसारियन तेव्हा इटलीत कार्डिनल होते. ग्रीकांची पुस्तकं आता जिथे सापडतील तिथून विकत घ्यायची, नाहीतर उतरवून घ्यायची, हा त्यांनी ध्यास घेतला. १४६८ साली त्यांनी आपला सगळा संग्रह व्हेनिसला दिला, त्यात जवळपास पाचशे ग्रीक हस्तलिखितं होती. व्हेनेटस ए त्यातलंच. उरलेल्या ग्रीकांना आपलं धन एका जागी सापडावं, ही त्यांची इच्छा होती. ते हस्तलिखित पुढे तीनशे वर्षं जवळजवळ न वाचलेलं पडून राहिलं आणि १७८८ साली व्हिल्वाझों या फ्रेंच पंडिताने ते छापलं, तेव्हा समासातल्या टीपा जगाला दिसल्या.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रीक भाषेची तीन माणसं तीन ठिकाणी बसून लिहीत होती. स्मर्नात जन्मलेले अदामान्तिओस कोराइस पॅरिसमध्ये प्राचीन ग्रंथांच्या आवृत्त्या काढत होते आणि लोकांच्या भाषेतले तुर्की-इटालियन शब्द झाडून तिला प्राचीन वळणाजवळ न्यावं असं सांगत होते. अथेन्सचे दिमित्रिओस गालानोस काशीत होते. कोलकात्याच्या ग्रीक व्यापाऱ्यांच्या मुलांना शिकवायला ते १७८६ साली आले आणि नंतर चाळीस वर्षं गंगेकाठी राहून भर्तृहरी, भगवद्गीता असे ग्रंथ ग्रीकमध्ये आणत राहिले. कोराइस आणि गालानोस दोघेही १८३३ साली वारले. गालानोस यांची हस्तलिखितं त्यांच्या इच्छेप्रमाणे अथेन्सला गेली.

तिसरा माणूस शिपाईगडी. यानिस मक्रियानिस हा तुर्कांविरुद्धच्या ग्रीक स्वातंत्र्ययुद्धातला सेनानी गरीब घरचा, शाळेत कधी न बसलेला. १८२९ साली, बत्तीस वर्षांचा असताना, आर्गोसच्या छावणीत त्याने मित्रांकडून जेमतेम अक्षरं शिकून घेतली आणि आपल्या आठवणी लिहायला बसला. ना विराम, ना परिच्छेद, शब्द बोलण्यात येतील तसे एकाला एक लागलेले. काही सैनिक दोन प्राचीन पुतळे युरोपीय गिऱ्हाइकांना विकायला निघाले होते, तो प्रसंग त्याने लिहिला आहे. त्यांना बाजूला घेऊन त्याने सांगितलं, की कितीही पैसे मिळाले तरी हे देशाबाहेर जाऊ देऊ नका, आपण लढलो ते यांच्यासाठी. त्याच्या आठवणी १९०७ साली छापल्या गेल्या. कवी सेफेरिस यांनी १९४३ साली, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, इजिप्तमध्ये व्याख्यान देऊन सांगितलं की ग्रीक गद्य शिकायचं तर या निरक्षराकडे जा. मी मक्रियानिसची काही पानं वाचली आहेत, अडखळत, कोशाची पानं उलटत. कोराइस यांच्या विद्वत्तेपुढे मी नम्र आहे, पण माझं मन या पानांच्या बाजूने आहे. भाषेला शुद्ध करायची गरज त्याला कधी पडली नाही, कारण ती त्याच्या घरातून आली होती.

स्वातंत्र्ययुद्धातून उभ्या राहिलेल्या नव्या ग्रीक राज्याने मात्र कोराइस यांच्या वळणाची भाषा धरली. शाळा, कचेरी, न्यायालय, वर्तमानपत्र यांची एक भाषा, घराची दुसरी. लेकरू घरात ज्या शब्दाने भाकरी मागतं तो शाळेत चालत नाही, अशी अवस्था दीडशे वर्षं टिकली. १९०१ साली एका वर्तमानपत्राने मॅथ्यूचं शुभवर्तमान लोकभाषेत क्रमशः छापायला घेतलं, तर अथेन्समध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, आठ माणसं मेली, सरकार पडलं. ते भाषांतर करणारे अलेक्झांड्रोस पालिस राली ब्रदर्स या ग्रीक पेढीचे व्यापारी, कामानिमित्त काही वर्षं आपल्या मुंबईत राहिलेले. त्यांनी 'इलियड'ही लोकभाषेत आणलं. शेवटी १९६७ ते १९७४ या काळात लष्करी हुकूमशहांनी शुद्ध भाषेचा एवढा हट्ट धरला की ती लोकांच्या मनातून उतरली, आणि १९७६ साली लोकभाषा शाळेत आली. १९८२ साली अलेक्झांड्रियाच्या जुन्या स्वरखुणाही काढल्या, एकच साधी खूण ठेवली. ज्या स्वरांसाठी त्या होत्या ते कधीच लोपले होते, मुलांचा भार हलका झाला, हे सगळं मान्य. तरीही जुन्या छापाचं पान समोर आलं की त्या बारीक खुणांच्या गर्दीत मला जास्त सोबत वाटते.

आणि तरी ग्रीक कोण, हा प्रश्न भाषेने सुटला नाही. १९२३ साली ग्रीस आणि तुर्कस्तानने लोकसंख्येची अदलाबदल केली ती धर्मावरून. सुमारे बारा लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती तुर्कस्तानातून ग्रीसला आले, साडेतीन-चार लाख मुसलमान उलट दिशेने गेले. आलेल्यांत असे कितीतरी होते ज्यांची मातृभाषा तुर्की होती आणि जे ती ग्रीक अक्षरांत लिहीत. गेलेल्यांत क्रीटचे मुसलमान होते, ज्यांतल्या अनेकांना ग्रीकवाचून दुसरी भाषाच येत नव्हती. फाळणी ऐकत मोठे झालेल्या आपल्या लोकांना याहून अधिक काही सांगायला नको.

एका जागी मात्र या धर्माच्या चाळणीतून भाषा निसटली. बेसारियन ज्या त्रेबिझोंदचे, आजच्या त्राब्झोनचे, त्याच्या डोंगराळ भागात रोमेइका बोलणारी गावं आहेत. माणसं मुसलमान आहेत, म्हणून १९२३ साली त्यांना कुणी हलवलं नाही. त्यांच्या बोलण्यात क्रियापदाचं एक जुनं रूप, हेत्वर्थक, अजून चालू वापरात आहे. अथेन्सच्या भाषेतून ते केव्हाच गेलं. तिथल्या मुलांना ते प्राचीन ग्रीकच्या तासाला शिकावं लागतं. या बोलीला शाळा नाही, बोलणारे बहुतेक वयस्क, आणि घरातली मुलं तुर्कीकडे वळलेली. केंब्रिज विद्यापीठातल्या भाषाशास्त्रज्ञ इओआना सितारिदू गेली अनेक वर्षं या गावांत जाऊन बायाबापड्यांचं बोलणं नोंदवत आहेत. २०२४ साली त्यांनी इंटरनेटवर एक सोय केली: रोमेइका बोलणारं कुणीही, जगात कुठेही असो, आपल्या आवाजाची नोंद तिथे पाठवू शकतं. ग्रीक शिकायला निघालेल्या कुणालाही मी आता सांगते, प्लेटो उघडाच, पण त्याबरोबर त्या बायकांचे आवाजही ऐका. माझ्या वहीत सध्या एका बाजूला 'इलियड'च्या ओळी आहेत आणि दुसऱ्या बाजूला त्यांची वाक्यं.